वर्गात थंडीची सजावट: खर्च ७७ रुपये, मुलांच्या घरून शून्य

कानात इअरफोन, अंगात स्वेटर आणि हातात चहा असेल तर उत्तमच. चहा नसेल तर भाग थोडा वेळ थांबवा, टाकून या. मी आहेच.

आजचा भाग तुमच्या व्हॉइस मेसेजमधून आलाय. डिसेंबर लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. कुणी डी.एल.एड.ला आहे, कुणी नुकतंच अंगणवाडीत किंवा शाळेत लागलंय, कुणी संध्याकाळी गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेतं. सगळ्यांचं म्हणणं असं: "ताई, वर्ग सजवायचाय. थीम हिवाळा. बजेट नाही. काय करू?"

उत्तर देते. अगदी मापासकट, कृतीसकट देते. पण आधी मी स्वतः काय माती खाल्ली ते सांगावं लागेल, कारण आजची सगळी कृती त्यातूनच आली आहे.

साठ रुपयांची यादी

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. गाव सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. दिवाळी झाली की आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यासोबत त्यांची मुलंही येतात. त्यातली काही आमच्या वर्गात बसतात. दाखला मागाहून आला तरी चालतो, त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. भिंतभर निळा कागद, त्यावर कापसाचा बर्फ, थर्माकोलच्या गोळ्यांचा हिममानव, चकचकीत चांदण्या. मला इतकं आवडलं की मी त्याच रात्री पालकांच्या ग्रुपवर यादी टाकली. प्रत्येकानं एक निळा कार्डशीट, एक पांढरा, कापसाचं पाकीट, चमकीची बाटली, गोंद आणि थर्माकोलचे गोळे आणायचे. हिशेब केला तर साठेक रुपये होत होते. मला वाटलं, साठ रुपये म्हणजे काय मोठी गोष्ट!

वर्गात मुलं ३१. दोन दिवसांत २२ जणांनी सामान आणलं. नऊ जणांनी आणलं नाही. त्या नऊ जणांतली एक मुलगी टोळीवरची होती, वर्गात येऊन तीनच आठवडे झाले होते. ती शाळेतच यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी वाटलं, ताप असेल. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि गावाबाहेर त्यांच्या तळावर गेले. उघड्या माळावर कोप्या उभ्या होत्या. कोपी म्हणजे त्यांचं हंगामापुरतं घर, बांबू वाकवून वर पाचट किंवा ताडपत्री टाकलेलं. तिची आई चुलीपुढे होती. मी विचारलं, "पोरीला बरं नाही का?"

"बरी हाय की मॅडम. सामान न्यायचंय म्हनली. पैसे मिळाले की घेऊन देते म्हनलं, तर ऐकंना. मोकळ्या हातानं जायची न्हाई म्हनती."

पोरगी कोपीच्या आड उभी होती. पुढे आली नाही.

मंडळी, परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, जेवण फुकट. आणि मी एका व्हॉट्सअॅप मेसेजनं त्या वर्गाला साठ रुपयांची फी लावली होती. ती कुणी मागितली नव्हती, कुठल्या परिपत्रकात नव्हती. भिंत छान दिसावी म्हणून मीच लावली होती.

वर आणखी एक चूक. राज्यात २०१८ च्या मार्चपासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून तर सजावटीचं थर्माकोल देशभर बंद आहे. तरी दुकानात मिळतं, म्हणून आपण सहज लिहून टाकतो. मीही टाकलं.

त्या रात्री ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला: "यादी रद्द. कुणीही काही विकत आणू नये. ज्यांनी आणलंय त्यांनी ते घरी वापरावं." दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर जाऊन त्या मुलीलाही सांगितलं. ती लगेच आली नाही. दुपारच्या सुट्टीनंतर आली.

दोन नियम आणि एक प्रश्न

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, काहीही करा.

पहिला: मुलांनी घरून आणायचं ते फक्त टाकाऊ. आणि तेसुद्धा "असेल तर". नसेल तर वर्गातल्या खोक्यातून घ्यायचं, कुणी विचारणार नाही.

दुसरा: भिंतीवर जाईल ते मुलांच्या हातचं. वाकडं असलं तरी. रात्री जागून शिक्षिकेनं केलेली सुबक सजावट मुलं एकदा बघतात आणि विसरतात. स्वतः चिकटवलेला कागद मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगतात, "ते माझंय."

आता प्रश्न. सजावटीला हात लावण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहायचा: थंडी आली, हे तुम्हाला कशावरून कळतं?

हा प्रश्न का? कारण आपण "विंटर" म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ, पाइनचं झाड, लाल टोपी येते. ती थंडीसुद्धा खरीच आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणची. आमच्या गावात पडते ती वेगळी. माझ्या वर्गानं काय उत्तरं दिली ऐका. तोंडातून वाफ येते. ओठ फुटतात. खोबरेल तेल बाटलीत गोठतं. (साधारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं, म्हणजे बाटली हाच आपला थर्मामीटर.) सकाळी धुकं असतं. आजोबा शेकोटी करतात. हरभऱ्याची भाजी असते. बोरं मिळतात. गुऱ्हाळाचा वास येतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते.

आणि मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "टोळीवाले येतात."

वर्ग जरा शांत झाला. त्या मुलीनं खाली बघितलं. मग हळूच म्हणाली, "आमी दिवाळी झाली की निघतो. दोन रात्री लागत्यात यायला."

मी ते दोन्ही फळ्यावर लिहिलं. तेव्हाच ठरलं की भिंतीवर यातलंच करायचं. दव, शेकोटी, थंडीचे पाहुणे, उसाचं पाचट. बर्फ कुठे करायचा, हे नंतर ठरलं. तेही सांगते.

आधी खळ करून घ्या

सगळ्याला लागते ती खळ. बाजारचा गोंद ३१ मुलांत दोन दिवसांत संपतो. खळीला खर्च जवळजवळ नाही.

चहाच्या कपानं एक कप पाणी, दोन चमचे मैदा. मैदा नसेल तर कणीक चाळून घ्या. आधी थोड्या गार पाण्यात पीठ कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत चकाकी येते आणि चमच्याच्या मागच्या बाजूला थर धरतो. झाली खळ. गार झाली की आणखी घट्ट होते, म्हणून थोडी पातळ असतानाच उतरवा.

एक महत्त्वाची सूचना. जुने बाइंडिंगवाले खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालतात. तुम्ही अजिबात घालू नका, ते विषारी आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातात. त्यापेक्षा रोज ताजी करा. थंडीत एक-दोन दिवस टिकते, वास आला की फेकून द्या.

पाटीवरचं दव

आमच्या कपाटात जुन्या दगडी पाट्या पडून होत्या, काहींच्या चौकटी गेलेल्या. काळी पाटी म्हणजे पहाटेचं आकाशच. पाटी नसेल तर वहीचं खाकी कव्हर किंवा गडद रंगाची लग्नपत्रिका चालेल. पत्र्याची पाटी मात्र नको, मिठानं गंजते.

एक कप गरम पाण्यात मीठ घालत राहायचं आणि ढवळायचं, विरघळायचं थांबेपर्यंत. गरम पाण्याचं काम तुमचं, मुलांचं नाही. पाणी कोमट झालं की मुलांना कापसाच्या वाती किंवा टोक चावून मऊ केलेली कडुनिंबाची काडी द्या, आणि पाटीवर चित्र काढायला सांगा. कोळ्याचं जाळं, गवताची पाती, हरभऱ्याचं झाड. काढताना काहीच दिसत नाही, नुसतं ओलं. मुलं कुरकुरतात, "मॅडम, येईना झालंय." त्यांना म्हणायचं, उन्हात ठेवा आणि पाढे म्हणून या.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पाटीवर पांढरे चमकणारे कण उमटतात. भिंगातून बघितलं तर त्यातले कितीतरी चौकोनी दिसतात, बारीक ठोकळ्यांसारखे. माझ्या वर्गात हे पहिल्यांदा झालं तेव्हा भिंगासाठी मारामारी झाली होती.

इथे सांगून टाकायचं की आपल्या महाराष्ट्रातही कधी कधी दव गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. नाशिक जिल्ह्यातलं निफाड तर थंडीच्या बातम्यांत दर वर्षी असतंच. तिथल्या द्राक्षवाल्यांना विचारा, थंडी वाढली की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मण्यांना तडे जातात.

कोकणातल्या मंडळींसाठी एक सूचना. मीठ हवेतला ओलावा ओढतं. समुद्राजवळ असाल तर चित्र दोन दिवसांत पाणावेल. पण काय बिघडलं? पाटी धुवा, पुन्हा काढा.

हळदीची शेकोटी

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, कारण यात जादू आहे आणि ती जादू प्रत्येक घरात आधीच घडलेली असते.

वर्गाला विचारा: पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं, आईनं साबण लावला, डाग कसला होतो? सगळे ओरडतात, "लाल!" बरोबर. हळदीला साबण, सोडा असं काही लागलं की ती लाल होते आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी.

अर्धी वाटी पाण्यात एक चमचा हळद कालवायची. रद्दी कागद, म्हणजे परीक्षेच्या पेपरची कोरी बाजू, तिनं रंगवायचा आणि वाळवायचा. मग दुसऱ्या वाटीत अर्धा चमचा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्या पाण्यानं पिवळ्या कागदावर ज्वाळा ओढायच्या. वात टेकवली की रेघ तांबूस लाल होत जाते. पोरं अक्षरशः "आयला!" म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

खाण्याचा चुना वापरला तर रंग जास्त भडक येतो, पण तो डोळ्यात गेला तर फार वाईट. मुलांच्या हातात चुना नको. सोडाच बरा.

ज्वाळा कापायच्या, खाली मैदानातल्या काटक्या सुतळीनं बांधून लावायच्या, आणि शेकोटीभोवती मुलांनी आपापलं माणूस काढून चिकटवायचं. कुणी आजोबा काढतं, कुणी कुत्रं. हे चित्र उन्हाच्या खिडकीपाशी लावू नका, हळद उन्हानं उडते.

लग्नपत्रिकेतले पाहुणे

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते आणि घरोघरी पत्रिका साठतात. लाल, गुलाबी, केशरी, जाड, चकचकीत. विकत घ्यायला गेलात तर असला कागद महाग पडतो, इथे फुकट येतो. एक काळजी तेवढी घ्या. देवाचं चित्र असलेला भाग कापायला काही घरांना आवडत नाही. तो बाजूला काढून परत द्या.

गुलाबी पत्रिकेतून करायचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कुणी अग्निपंखही म्हणतं. अंग म्हणून पानाचा आकार, मान म्हणून इंग्रजी एसच्या आकाराची पट्टी, पाय म्हणून खराट्याच्या दोन काड्या. एक पाय दुमडलेला ठेवला की झालाच रोहित. हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटात, भिगवणकडे हे थव्यानं दिसतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन.

करड्या-पांढऱ्या पत्रिकेतून करा पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे काढायला विसरू नका, नाव त्यावरूनच पडलंय. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो. तिसरीतल्या मुलाला नकाशावर बोट ठेवून दाखवा, हा इथून निघाला आणि इथे आला. भूगोलाचा तास वेगळा घ्यायला लागत नाही.

या पक्ष्यांच्या फळ्याला नाव काय द्यायचं, यावर वर्गात चर्चा झाली. "थंडीचे पाहुणे" असं ठरलं. मग एकानं विचारलं, "मॅडम, ट्रॅक्टर पण लावायचा का? ते पण थंडीतच येतात." मी म्हटलं, लावा की. त्या मुलीनं ट्रॅक्टर काढला. मागच्या ट्रॉलीत गादी, भांडी, दोन शेळ्या आणि वर बसलेली पाच माणसं. प्रत्येक माणसाला तिनं नाव दिलं होतं.

बर्फ कुठे गेला?

बर्फसुद्धा केला. पण "लांबची थंडी" म्हणून, वेगळ्या खिडकीवर. काश्मीर, हिमाचल नकाशात दाखवले आणि मग कात्री हातात घेतली.

इथे बहुतेक व्हिडिओ चुकतात. कागद चार वेळा अर्धा-अर्धा दुमडून कापतात आणि आठ किंवा सोळा पाकळ्या येतात. खरा हिमकण सहा बाजूंचा असतो. का, हा प्रश्न केप्लरला पडला होता, ग्रहांच्या कक्षा सांगणारा तोच केप्लर. त्यानं १६११ मध्ये त्यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली. आज आपल्याला माहीत आहे की पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी मांडणीत बसतात, म्हणून सहा. आणि १८८५ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याच्या मुलानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. गोठ्याच्या घरातला पोरगा! हे वर्गात जरूर सांगा.

आता घडी. मोबाईल खाली ठेवा, कागद घ्या, माझ्याबरोबर करा.

वहीच्या पानाचा चौरस करा. कोपऱ्याला कोपरा लावून तिरका दुमडा, मोठा त्रिकोण झाला. लांब बाजू आपल्याकडे. तिच्या मध्यावर बोट ठेवा. आता उजवं टोक उचलून बोटाभोवती वर डावीकडे न्या, डावं टोक त्याच्यावरून उजवीकडे. तिन्ही भाग सारखे यायला हवेत. आइस्क्रीमच्या कोनासारखं दिसेल. सरळ कोन १८० अंशांचा, त्याचे तीन भाग, प्रत्येकी ६०. मोठ्या वर्गाला हे इथेच शिकवून टाका. मग तो कोन उभा मधोमध दुमडा आणि वर आलेले कान कापून टाका.

आता दोन्ही कडांना छोटे त्रिकोण, अर्धगोल कापायचे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कापायचं नाही, नाहीतर सगळं हातात तुकडे होऊन येतं. शेवटच्या घडीला बारा थर होतात. लहान हातांना ते कापत नाहीत, कात्री चावते आणि मूल वैतागतं. पहिली-दुसरीसाठी शेवटची घडी सोडून द्या, सहाच थर राहतील. पाकळ्या सहाच येतात. कात्री गोल टोकाची, आणि पाच मुलांत एक पुरते.

पाचट

आणि आता शेवटचा प्रकार, जो मला येत नव्हता.

उसाच्या पट्ट्यात पाचट म्हणजे सगळीकडे पडलेली वाळकी पानं. ठरवलं होतं की त्याची वेणी घालून दारावर माळ लावायची. एका शेतकऱ्याकडून भारा आणला आणि बसलो. वेणीचे दोन पेड झाले की पान तुटायचं. कडा धारदार, दोघांची बोटं कापली. मी वैतागून म्हटलं, राहू द्या.

तेव्हा ती मुलगी उठली. "मॅडम, आसं कोरडं न्हाई वळत. आदी पानी मारायचं."

मग तिनं सगळं सांगितलं. पाचट अर्धा तास ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं. मधली जाड शीर ओढून काढायची. पान टोकाकडून बुडाकडे चोळायचं नाही, हात कापतो. बुडाकडून टोकाकडे हात फिरवायचा. देठाजवळच्या भागावर बारीक कुसळ असते, ती खाजते, म्हणून फडक्यानं पुसून घ्यायचा. आणि वेणी घालताना नवीन पान आधीचं संपायच्या आधीच घालायचं, संपल्यावर नाही.

वीस मिनिटांत तिच्यापुढे रांग लागली. ज्यानं "टोळीवाले येतात" म्हटलं होतं, तो पहिला. "मला गाठ मारून दे ना." दारावर माळ झाली, फळ्याभोवती माळ झाली. उरलेल्या पाचटाची तिनं वीतभर उंचीची कोपी केली. बांबूच्या जागी खराट्याच्या काड्या, सुतळीची गाठ, समोर दार. ती शेकोटीच्या चित्राखाली टेबलावर ठेवली.

मला तुम्हाला गोड शेवट सांगायचा नाहीये. ती त्यानंतर रोज आली असं झालं नाही. धाकट्या भावाला सांभाळायची वेळ आली की गैरहजर असायची. मार्चमध्ये टोळी गेली, तिच्याबरोबर तीही गेली. कागदाच्या माळेनं हे प्रश्न सुटत नाहीत. पण सामान नाही म्हणून ती पुन्हा कधी घरी राहिली नाही. शिक्षक म्हणून माझ्या हातात तेवढं नक्की होतं, आणि तेच मी आधी घालवून बसले होते.

हिशेब आणि आवराआवर

मागच्या डिसेंबरचा माझा खर्च: मीठ एक किलो २५ रुपये, मैदा पाव किलो १२, सुतळीची गुंडी ३०, खाण्याचा सोडा १०. एकूण ७७. हळद माझ्या घरची. मैदा आणि मीठ उरलं.

ही सजावट आम्ही संक्रांतीपर्यंत ठेवतो. मग एक तास काढणीचा. तोही मुलांनीच करायचा. पाट्या धुऊन कपाटात, काड्या परत खराट्यात, पाचट शाळेच्या झाडांच्या बुडाशी, कागद रद्दीत. ज्याला आपलं चित्र घरी न्यायचं त्यानं न्यायचं. कचऱ्याच्या गाडीत घालायला जवळजवळ काही उरत नाही. थर्माकोलचं असं झालं नसतं.

तुमच्या गावाला ऊस नसेल. मग काय आहे ते बघा. कापसाचा पट्टा असेल तर पळाट्या आणि वाळकी बोंडं, कोकणात नारळाची झावळी, शहरात कुरिअरचे पुठ्ठे. सुरुवात फळ्यावरच्या प्रश्नानं करा. आणि मुलांच्या घरी यादी पाठवायचा मोह झालाच, तर पाठवण्याआधी एकदा बेरीज करा आणि विचार करा, वर्गातलं कोणतं मूल ही यादी ऐकून उद्या येणार नाही.

ती पाचटाची कोपी अजून माझ्या कपाटावर आहे. जरा कलली आहे. या वर्षी नवीन टोळी आली, त्यांच्यातले तिघे वर्गात आलेत. कालच एकानं ती बघितली आणि विचारलं, "मॅडम, ही कुनी केली? दार चुकलंय. वाऱ्याकडं तोंड करत न्हाईत."

म्हटलं, बरं झालं आलास. बस, दाखव कसं करायचं ते.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात थंडी कशावरून कळते, ते व्हॉइस मेसेज करून सांगा, पुढच्या भागात ऐकवते. स्वेटर घाला, ओठांना तूप लावा. भेटू!